स्की-प्रवाशाची विजार : तिची पारख व निवड

थंडीपासून रक्षण व्हावयाचें तर कपडा जितका जाड व जितका अभेद्य तितका उत्तम, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. महाबळेश्वरची थंडी पाहिलेल्या मनुष्यास ही समजूत सहसा फसवीत नाहीं. कारण थंडीनें कुडकुडणारा मनुष्य तेथें बहुधा एका जागीं बसलेला असतो. परंतु जो बर्फानें झांकलेल्या पर्वतावर स्वतःच्या पायांनीं तीन-चार तास चढून जातो, त्याची गोष्ट अगदीं निराळी आहे. त्याला बाहेरील बर्फाइतकेंच स्वतःच्या घामाचें भय असतें. ही एक गोष्ट ध्यानांत न घेतां खरेदी केलेली महागांतली महाग विजारही त्याच्या उपयोगी पडत नाहीं. आणि ती ध्यानांत घेऊन निवडलेली साधी विजार त्याचें दिवसभर रक्षण करिते. हें कसें, तें सांगण्याचा ह्या लेखांत आमचा प्रयत्न आहे.

विषय वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. ज्या मुलखांत हिमाचा कणही पडत नाहीं, तेथील शाळेच्या वार्षिकांत बर्फावरील विजारीची चर्चा कशाला, असें कोणी विचारल्यास त्यास आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, मुंबई-पुण्याकडील तरुण आतां प्रतिवर्षीं हिंवाळ्यांत काश्मिरांतील गुलमर्ग व गढवालांतील औली येथें स्की शिकावयास जातात. आमचे कांहीं माजी विद्यार्थीही त्यांत आहेत, व निघण्यापूर्वीं त्यांचा पहिला प्रश्न कपड्यांचाच असतो. दुसरें असें कीं, उष्णता व बाष्पीभवन ह्यांचे जे नियम आपण वर्गांत शिकतों, ते ह्या एका वस्त्रांत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दुसऱ्या वस्तूंत दिसतील.

प्रथम स्की-प्रवास म्हणजे काय तें पाहूं. स्की म्हणजे बुटांखालीं बांधावयाच्या लांब, अरुंद व पुढें वर वळलेल्या फळ्या. पुष्कळ लोक यांत्रिक पाळण्यांत बसून डोंगराच्या माथ्यावर जातात व तेथून घसरत खालीं येतात. तो केवळ उताराचा खेळ झाला. स्की-प्रवासी पाळण्याची अपेक्षा करीत नाहीं. तो स्कीच्या तळास एक लवदार पट्टी चिकटवितो. पूर्वीं ही पट्टी सीलच्या कातड्याची असे. आतां ती अंगोरा बकरीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. तिची लव मागील दिशेस वळलेली असल्यामुळें स्की पुढें सरकते, पण मागें घसरत नाहीं. बुटाची टांच मोकळी ठेवून तो एकेक पाऊल सरकवीत चढतो. माथा गांठल्यावर पट्टी काढून पाठपिशवींत ठेवितो, टांच जखडतो व अनघड बर्फावरून खालीं उतरतो. आल्प्समध्यें फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झर्माटपर्यंत जाणारा ‘ओत रूत’ म्हणजे उंच मार्ग, हा अशा प्रवासाचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग होय. तो आक्रमावयास साधारणपणें सहा-सात दिवस लागतात, व रात्रीचा मुक्काम डोंगरावरील पांथशाळांत होतो.

आतां दिवसाचा हिशेब मांडूं. साधारण सशक्त प्रवासी तासाला ३०० ते ४०० मीटर उंची चढतो. एक हजार मीटरांच्या चढास त्याला सुमारें तीन तास लागतात. तीच उंची उतरावयास अर्धा तास, फार तर एक तास पुरतो. म्हणजे दिवसाचा फार मोठा भाग चढण्यांत जातो, आणि लोक मात्र विजार घेतांना उताराचें चित्र डोळ्यांपुढें ठेवितात. उडणारें बर्फ, वेग, वारा हीं उताराचीं लक्षणें चित्रांत शोभतात. घाम चित्रांत दिसत नाहीं.

घाम किती, हें वरच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी स्वतः काढूं शकेल. प्रवासी व त्याचें सामान मिळून ८० किलोग्रॅम वजन धरूं, व तो तासाला ४०० मीटर चढतो असें मानूं. त्यानें केलेलें कार्य ८० × ९.८ × ४००, म्हणजे ३,१३,६०० जूल. सेकंदास सुमारें ८७ जूल, म्हणजे ८७ वॅट. पण मनुष्याचें शरीर हें कांहीं फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नापासून मिळालेल्या शक्तीचा सुमारें चौथा हिस्साच तें कार्यीं लावतें. बाकीचे तीन हिस्से उष्णतारूपानें बाहेर पडतात. ह्या हिशेबानें त्याच्या अंगांत सेकंदास सुमारें २६० जूल उष्णता केवळ चढण्यामुळेंच उत्पन्न होते. ती सर्व घामाच्या बाष्पीभवनानेंच बाहेर जावयाची असेल तर तासाला जवळजवळ ४०० ग्रॅम पाणी वाफ होऊन उडून गेलें पाहिजे. थंड हवा कांहीं उष्णता परस्पर नेते, म्हणून प्रत्यक्षांत घाम कांहींसा कमी येईल; उलट जड बूट व स्की दर पावलास पुढें ओढण्याचे श्रम आम्हीं ह्यांत धरलेलेच नाहींत. शिवाय ह्या कामाचा मुख्य भार मांड्यांच्या मोठ्या स्नायूंवर पडतो, व त्या मांड्यांवर जें वस्त्र असतें तीच आपली विजार. तिनें ही वाफ अडविली तर काय होईल?

ह्याचें उत्तर आपल्या घरांतल्या माठानेंच द्यावें. मातीच्या माठांतून पाणी झिरपून पृष्ठभागावर येतें, त्याची वाफ होते, व वाफ होतांना तें माठांतील उष्णता घेऊन जातें. म्हणून वैशाखांतही माठांतलें पाणी गार राहतें. पितळेच्या हंड्यास छिद्रें नाहींत, म्हणून त्यांतलें पाणी कोमट. चढणारा प्रवासी माठासारखा असावा. रबरी कपड्यांत गुंडाळलेला प्रवासी हंड्यासारखा होतो. पावसाळ्यांत रेनकोट घालून सह्याद्रीचा एखादा किल्ला चढलेल्या प्रत्येकास हा अनुभव आहे : वरून पावसाचा थेंबही आंत येत नाहीं, तरी माथ्यावर पोहोंचेपर्यंत आंतला सदरा पिळून निघतो. आपल्या डोंगरांत त्याचें फारसें वाईट वाटत नाहीं, कारण तेथील पावसाळी हवा उबदार असते. पण उणे दहा अंशांच्या हवेंत ओला कपडा हा शत्रु होय. पाणी हवेपेक्षां सुमारें चोवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. कपड्याच्या विणींत जी स्थिर हवा ऊब धरून ठेवीत असते, तिची जागा पाण्यानें घेतली कीं ती ऊब भराभर बाहेर जाते. चढणें चालू असेपर्यंत प्रवाशास हें कळत नाहीं, कारण भट्टी पेटलेली असते. माथ्यावर थांबतांच भट्टी मंदावते, वारा लागतो, व दहा मिनिटांत दांत वाजूं लागतात. वाऱ्याचा प्रभावही थोडा नव्हे. उणे १० अंशांच्या हवेंत तासाला ४० किलोमीटर वेगाचा वारा वाहूं लागला म्हणजे उघड्या त्वचेस ती हवा उणे २१ अंशांसारखी झोंबते.

तेव्हां अशा विजारीकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा असते. आंतली वाफ बाहेर जावी, पण बाहेरचा वारा व बर्फ आंत येऊं नये. हा पेंच नवा नाहीं. फ्रिट्जॉफ नान्सेन व त्याचे पांच सोबती १८८८ सालीं स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेले, तेव्हां त्यांच्या अंगावर मुख्यतः लोकरीचे कपडे होते, व वारा अडविण्यास वरून एक पातळ आवरण होतें. इंग्लंडांत टॉमस बर्बेरी ह्यानें १८७९ सालीं गॅबर्डीन नांवाचें घट्ट विणीचें सुती कापड काढिलें व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तें वारा अडवी, पण श्वासही घेई. पुढें ध्रुवप्रदेशांतील व हिमालयांतील मोहिमांत तें वापरलें गेलें. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर ह्यानें एक विशिष्ट प्लॅस्टिक एकाएकीं ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनविला. हीं छिद्रें पाण्याच्या थेंबाहून हजारों पटींनीं लहान, पण वाफेच्या कणाहून मोठीं. १९७६ पासून गोर-टेक्स ह्या नांवानें तो कापडांस चिकटवून विकला जाऊं लागला. पाणी अडविणारा व वाफ सोडणारा कपडा सांपडला, आतां चिंता मिटली, असें पुष्कळांस वाटलें. अशा कपड्यास हार्डशेल म्हणजे कठीण कवच म्हणतात.

पण चिंता पुरती मिटली नाहीं. पापुद्र्यांतून वाफ जाते ती केवळ आंतल्या व बाहेरच्या बाष्पदाबांतील फरकामुळें, आणि सावकाश. हवा स्वतः त्यांतून खेळत नाहीं. स्वस्थ चालणाऱ्यास ही गति पुरते; तासाला ४०० मीटर चढणाऱ्यास ती पुरत नाहीं, व उरलेली वाफ कापडाच्या थंड पाठीवर पुन्हां पाणी होऊन बसते. म्हणून स्की-प्रवाशांची दृष्टि पुन्हां विणलेल्या कापडाकडे वळली. ह्या वेळेपर्यंत दोन नवे धागे हातीं आलेले होते : १९३५ सालीं निघालेला नायलॉन, व १९५८ सालीं निघालेला, रबरासारखा ताणला जाणारा इलास्टेन. दोन्ही मिळून घट्ट विणलें, व वरून पाणी ओघळून जाईल असा लेप दिला, कीं जें कापड तयार होतें त्यास सॉफ्टशेल म्हणजे मृदु कवच म्हणतात. त्यांतून हवा थोडीथोडी खेळते. प्रत्येक पावलास मांडी वर उचलली कीं विजारींतील हवा लोहाराच्या भात्याप्रमाणें ढकलली जाते, व तिच्याबरोबर वाफही बाहेर पडते. कोरडें बर्फ त्यावरून झटकून टाकतां येतें. भर पावसांत मात्र तें भिजतें; तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

येथें खरेदी करणारांस एक सावधगिरीची सूचना द्यावयाची आहे. सॉफ्टशेल हें व्यापारी नांव आहे, शास्त्रीय व्याख्या नव्हे. एकाच नांवाखालीं तीन निरनिराळे प्रकार विकले जातात. पहिला प्रकार निव्वळ विणीचा : हलका, लवचीक व सर्वांत अधिक श्वास घेणारा. दुसरा, विणीचाच, पण आंतल्या अंगास मऊ लव काढलेला. तो पहिल्यापेक्षां उबदार. तिसऱ्यांत दोन कापडांच्या मध्यें वारा अडविणारा पापुद्रा चिकटविलेला असतो. हा हातास मऊ लागतो, दिसतोही सॉफ्टशेलच. पण स्वभावानें तो हार्डशेलचा चुलतभाऊ. आपल्या शहरांतील दुकानांत मोटरसायकलवाल्यांसाठीं ह्या नांवाचे जे कपडे मिळतात ते पुष्कळदां ह्याच जातीचे असतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. जो मनुष्य वाऱ्यांत बसून राहणार त्यास ते योग्यच आहेत. चढणाऱ्यास मात्र ते त्रासाचे होतात.

हे प्रकार ओळखावयास प्रयोगशाळेची गरज नाहीं. दुकानांत कापडाचा एकेरी पदर ओठांशीं घट्ट धरून जोरानें फुंकर घालावी. फुंकर अजिबात पार न गेली तर आंत पापुद्रा आहे असें समजावें. सुती सदऱ्यांतून जावी तशी सहज गेली, तर कापड चढास उत्तम पण वाऱ्यास दुबळें. थोडा अडथळा होऊन पलीकडे धरलेल्या तळहातास जाणवेल इतकी गेली, तर बहुतेक प्रवासांस तेंच कापड योग्य. दुसरी परीक्षा ताणण्याची : कापड आडवें व उभें दोन्हीकडे ताणून सोडावें, तें तत्काळ पूर्ववत् झालें पाहिजे. जें ताणलेलें राहतें, त्याचे गुडघे आठ दिवसांत पिशवीसारखे लोंबूं लागतात. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची जी तिसरी परीक्षा दुकानदार हौसेनें करून दाखवितात, तिला फार महत्त्व देऊं नये. तिनें वरचा लेप नवा आहे एवढेंच सिद्ध होतें, आणि लेप तर प्रत्येक नव्या कपड्याचा नवाच असतो.

कोणता प्रकार घ्यावा हें मुलुख व ऋतु ह्यांवर अवलंबून आहे. ओत रूतवर लोक बहुधा मार्चअखेर ते मेच्या आरंभापर्यंत जातात. पहांटे निघतांना हवा गोठविणारी, आणि दुपारीं हिमनदीवर ऊन इतकें प्रखर कीं सदऱ्याच्या बाह्या वर कराव्या लागतात. तेथें पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या प्रकारची विजार घरच्यासारखी शोभते. जपानांतील होक्काइदो बेटावर निराळी तऱ्हा आहे. सैबेरियाकडील थंड वारा जपानच्या समुद्रावरून येतांना ओलावा उचलतो व तेथें कोरडें, भुसभुशीत बर्फ रास घालून टाकतो. मांडीभर बर्फांतून वाट काढतांना विजारीचा पुढचा भाग सतत बर्फांत असतो. म्हणून तेथें मांड्या, गुडघे व बैठक ह्या ठिकाणीं पापुद्र्याचें कापड व मागील बाजूस श्वास घेणारें कापड अशी मिश्र विजार बरी. स्कॉटलंडासारख्या ठिकाणीं, जेथें हवा शून्य अंशाच्या आसपास राहून ओलें बर्फ व पाऊस आलटून पालटून पडतात, तेथें सॉफ्टशेलचा हट्ट सोडून सरळ हार्डशेल घ्यावें, व मांडीवरील झिपा उघड्या ठेवून चढावें.

गुलमर्गविषयीं आमच्या वाचकांस विशेष जिज्ञासा असेल. तें पठार सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे, व तेथील पाळणा प्रवाशास अफरवट पर्वतावर सुमारें ३,९५० मीटरांपर्यंत नेतो. जो नवशिका दिवसभर पठारावरील सौम्य उतारावर शिकणार, पुन्हां पुन्हां पडणार व बर्फांत बसून राहणार, त्यानें अस्तराची, पाणी न शिरणारी जाड विजार घ्यावी. सॉफ्टशेल त्याच्यासाठीं नव्हे. जो पाळण्यानें वर जाऊन केवळ उतरणार, त्यालाही तेंच लागू. पण जो पट्ट्या लावून स्वतःच्या पायांनीं चढणार, त्यानें जानेवारी-फेब्रुवारींत आंतून लव असलेली व मार्चांत निव्वळ विणीची विजार पसंत करावी. म्हणजे एकाच गांवीं, एकाच दिवशीं, दोन मित्रांस दोन निरनिराळ्या विजारी योग्य असूं शकतात. मित्रानें घेतली म्हणून आपणही तीच घ्यावी, हा न्याय येथें चालत नाहीं.

कापड ठरल्यावर शिवण पाहावी. आमच्या मतें बेतणीतील दोषानें प्रवासी जितका कष्टी होतो तितका कापडाच्या दोषानेंही होत नाहीं. विजार घालून एक पाय कंबरेइतक्या उंच पायरीवर ठेवून पाहावा, नंतर पूर्ण उकिडवें बसावें. आसनांत कळी टाकलेली नसेल तर ताण तेथेंच बसतो, व उभ्या चढावर स्की उलट फिरवून दिशा बदलण्याच्या वेळीं नेमकी तेथेंच शिवण उसवते. गुडघे शिवतांनाच किंचित् वांकविलेले असावेत. कंबर मागच्या बाजूस उंच असावी, नाहीं तर वांकतांना पाठ उघडी पडून बर्फ आंत शिरतें. गॅलिस असल्यास उत्तम. कारण पाठपिशवीचा पट्टा नेमका कंबरेवर येतो, व त्याखालीं चामड्याचा जाड कमरपट्टा असला तर तो दिवसभर रुततो.

मोहरीकडे तर अवश्य लक्ष द्यावें. स्कीचे बूट जाड व कठीण असतात. मोहरी त्यांवरून सहज चढली व उतरली पाहिजे. चढतांना बुटाची मागची कळ ‘चालणें’ ह्या स्थितींत व उतरतांना ‘जखडणें’ ह्या स्थितींत करावी लागते. हातमोजे न काढतां मोहरी वर करून ती फिरवितां येते कीं नाहीं हें दुकानांत बूट नेऊनच पाहावें. मोहरीच्या आंतल्या अंगास, घोट्यापाशीं, जाड व चिवट कापडाचें ठिगळ असणें जरूर आहे. स्कीची पोलादी कड व बुटांस बांधावयाचे पोलादी कांटे तेथें वारंवार घासतात. कापड फाटणें ही तेथें लहान गोष्ट आहे. फाटलेल्या कापडांत कांटा अडकून उभ्या उतारावर तोल जाणें ही मोठी. म्हणून मोहरी फार घोळदारही नसावी.

मांडीच्या बाहेरील अंगास लांब झिप असावी व तिच्याखालीं जाळी असूं नये, अगर असल्यास विरळ असावी. चढास लागण्यापूर्वींच ती उघडावी. घाम सुटल्यावर उघडणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. बर्फावर हा नियमच आहे कीं निघतांना किंचित् थंडी वाजली पाहिजे; जो निघतांना उबदार असतो तो अर्ध्या तासांत भिजलेला असतो.

खिशांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो कधीं कधीं प्राणांचा होतो. हिमप्रपातांत गाडल्या गेलेल्या सोबत्यास हुडकण्यासाठीं प्रत्येक प्रवाशाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठविणारें व घेणारें एक लहान यंत्र असतें. त्यास ट्रान्सीव्हर म्हणतात. तें छातीवरील पट्ट्यांत किंवा विजारीच्या खास खिशांत ठेवितात. विजारींत ठेवावयाचें असेल तर तो खिसा आंतल्या बाजूनें शिवलेला, झिपनें बंद होणारा, व यंत्राची दोरी अडकविण्यास आंत फांस असलेला पाहिजे. वरून चिकटविलेला खिसा हिमाच्या लोंढ्यांत उसवून जाऊं शकतो. त्याच मांडीच्या खिशांत मोबाइल फोन ठेवूं नये. त्याच्या विद्युत्-लहरींनीं यंत्रास बाधा येते. संदेश पाठवितांना दोहोंत निदान २० सेंटिमीटर व शोध घेतांना निदान ५० सेंटिमीटर अंतर असावें असा नियम आहे. गाडले गेलेले प्रवासी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाले तर दहांपैकीं सुमारें नऊ वांचतात. त्यानंतर आशा झपाट्यानें मावळते. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवटच्या उतारावर हिमप्रपात होऊन पोलंडचे दोन स्की-प्रवासी मृत्यु पावले. ज्या उतारावर आपले विद्यार्थी जातात, तेथें कड्यावरचें बर्फ असें कोसळतें, हें त्यांनीं विसरूं नये.

विजार एकटी नसते. तिच्या आंत व बाहेर काय, हेंही ठरवावें लागतें. आंत सुती कपडा मुळींच नको. सूत घाम पितें व तो सोडीत नाहीं. मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के ओलावा शोषूनही अंगास ओली लागत नाहीं, म्हणून पातळ मेरिनोची किंवा कृत्रिम धाग्याची आंतली विजार असावी. वसंतऋतूंत तीही पुष्कळदां नको होते. बाहेरील आवरण पाठपिशवींत असावें : दोन-तीनशें ग्रॅम वजनाची, पाणी न शिरणारी, दोन्ही बाजूंस वरपासून खालपर्यंत झिप असलेली पातळ विजार. ती बूट व स्की न काढतां वरून चढवितां येते. सॉफ्टशेलचें जें एक उणें आहे, भर वादळांत भिजणें व वारा आंत घेणें, तें ह्या लहानशा गुंडाळीनें भरून निघतें.

ही गुंडाळी अनावश्यक ओझें आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं २०१८ सालच्या एप्रिलअखेरची गोष्ट ऐकावी. ओत रूतवर पीन द’आरोला ह्या शिखराच्या परिसरांत चौदा प्रवासी वादळांत वाट चुकले व त्यांनीं ती रात्र उघड्यावर काढली. व्हिनेत येथील पांथशाळा तेथून कांहीं शें मीटरांवरच होती. त्यांपैकीं सात जण मरण पावले. हा अनर्थ केवळ कपड्यांमुळें झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. वादळ, अंधार व हरवलेली वाट ह्यांपुढें मनुष्याचें बळ तोकडें पडतें. पण ह्यावरून एवढें शिकावें कीं, चालत असतांना जी विजार सर्वोत्तम, तीच थांबावें लागल्यावर अपुरी पडते. म्हणून सॉफ्टशेल घालणारानें तिच्या मर्यादा ओळखून तिची जोडीदारीण बरोबर नेलीच पाहिजे. आणि हवामानाचें भाकीत वाईट असेल त्या दिवशीं सर्वांत उत्तम विजार म्हणजे खुंटीवर टांगलेली विजार होय.

किंमतीविषयीं दोन शब्द. युरोपांत अशी विजार साधारणपणें दीडशें ते तीनशें युरोंस पडते, म्हणजे आपल्याकडील विद्यार्थ्यास ती सहज परवडणारी वस्तु नव्हे. ह्यासाठींच घाई करूं नये. पहिल्या वर्षीं मिळेल त्या विजारीवर शिकावें, आपण चढणारे आहों कीं केवळ उतरणारे हें ओळखावें, आणि मग खर्च करावा. वजन ४०० ते ६५० ग्रॅमच्या दरम्यान असावें. त्याहून फार हलकी घासून लौकर विरते, व फार जड घामाची होते. रंग भडक असल्यास हरकत नाहीं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सोबत्यांस आपण दिसणें हा सद्गुणच आहे.

घेतलेल्या विजारीची निगाही राखावी. मळलेलें कापड पाणी धरतें, म्हणून ‘धुतल्यानें लेप जातो’ ह्या भीतीनें ती न धुणें चुकीचें. सौम्य द्रवरूप साबणानें धुवावी, भरपूर पाण्यानें खळबळावी, व कपडे मऊ करण्याचें द्रव्य कधींही वापरूं नये. तें विणीच्या छिद्रांत बसतें. धुतल्यावर लेबलावर सांगितलें असेल तितकी मंद ऊब दिल्यास जुना लेप पुष्कळ अंशीं पुन्हां सजीव होतो. हे लेप पूर्वीं फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. तीं निसर्गांत नाश न पावतां पाण्यांत व प्राण्यांच्या शरीरांत सांचत जातात, म्हणून आतां त्यांस बंदी होऊं लागली आहे. फ्रान्सनें २०२५ सालीं कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून अशा रसायनांचे सर्वसामान्य कपडे विकण्यास मनाई केली. नवे फ्लोरिनरहित लेप तेलकट डागांपुढें दुबळे असतात व लौकर झिजतात, म्हणून ते अधिक वेळां द्यावे लागतात. डोंगरावर येणारें पाणी शुद्ध राहावें म्हणून एवढे श्रम अधिक पडले तर ते आनंदानें करावे. आणखी एक : नायलॉन आंचेजवळ वितळतो, पांथशाळेंतील शेगडीपाशीं किंवा तंबूंतील स्टोव्हपाशीं बसतांना गुडघे सांभाळावे.

सारांश, विजार घेणारानें दुकानदारास ‘सर्वांत उत्तम कोणती?’ असें विचारूं नये. त्यानें प्रथम स्वतःस विचारावें : मी दिवसांतले किती तास चढणार, कोणत्या ऋतूंत, कोठल्या बर्फावर, व अडलों तर माझ्या पाठीवर काय असेल? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें जो प्रामाणिकपणें देईल, त्यास फुंकर घालून कापड निवडावयास पांच मिनिटेंही लागणार नाहींत. आणि माथ्यावर वारा सुटल्यावर, सोबती दांत वाजवीत असतां, तो कोरड्या अंगानें शांतपणें पट्ट्या काढून उतरावयास सिद्ध होईल. एवढेंच नव्हे, तर ज्याचें अंग कोरडें त्याचे हात व डोकेंही ताळ्यावर असतात. आणि डोंगरावर अडचणींत सांपडलेल्या सोबत्यास ह्याच दोन गोष्टींचा सर्वांत अधिक आधार होतो.